तेरावी कुपी

१

सोमवारी सकाळी ज्या पेशी मरून पडलेल्या असायला हव्या होत्या, त्या ठणठणीत जिवंत होत्या.

आणि हे लागोपाठ तिसऱ्या सोमवारी घडलं होतं. या पेशी ल्युकेमियाच्या, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाच्या. प्रयोगशाळेतली सगळ्यात लहान संशोधक, जिला सगळे धाकटी म्हणत, दर शुक्रवारी सकाळी त्यांच्यावर 'सतरा' घालायची. सतरा म्हणजे याच प्रयोगशाळेने तयार केलेलं सतराव्या क्रमांकाचं औषध. वर्षभर त्याने कधी दगा दिला नव्हता. शुक्रवारी घालावं आणि सोमवारी काचेच्या बशीत मेलेल्या पेशींचा कचरा दिसावा, असं अगदी ठरलेलं. आता मात्र पेशी बाळसं धरून बसल्या होत्या.

विभागाच्या प्रमुखांनी, म्हणजे मोठ्या सरांनी, संस्थेच्या संचालकांना लगेच पत्र लिहिलं. टायपिस्टच्या हाती पडू नये म्हणून स्वतःच्या हाताने. 'वर्षभराचे आकडे या मुलीने मनाने रचले असावेत. आता तिच्या कामावर लक्ष ठेवलं जाऊ लागल्यावर खरं बाहेर आलं. तिला काढावं आणि ल्युकेमियाचं काम थांबवावं.'

गुरुवारी समिती बसायची होती. मंगळवारी संचालकांनी काचबाईंना बोलावलं.

काचबाईंनी एका मोठ्या हॉस्पिटलात पस्तीस वर्षं रक्ताच्या काचा वाचल्या होत्या. थेंबभर रक्त काचेवर पसरायचं, रंगवायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघून माणसाला काय झालंय ते सांगायचं, हा त्यांचा धंदा. निवृत्त झाल्यावरही नजर तशीच राहिली होती. घरी सून म्हणायची, "आई, तुम्ही आमटीकडेसुद्धा संशयाने बघता."

काचबाईंनी सरांचं पत्र दोनदा वाचलं. प्रत्येक ओळ ठसठशीत अक्षरात सुरू होत होती आणि शेवटाला जाईपर्यंत मुंगीएवढी होत होती. कागद वाचवायची सवय दिसते, असं मनात म्हणून त्यांनी घडी घातली.

"तुमचं काय मत?" संचालकांनी विचारलं.

"माझं मत गुरुवारी. पण एक सांगा, औषध चालेनासं झालं, तर आधी औषधावर संशय घ्यायचा की मुलीवर?"

संचालक मग हळूच म्हणाले, "हे सरांना कुणीच विचारलं नाही."

२

प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली. मधोमध ओटा, भिंतीला कपाटं, कोपऱ्यात घरात असतो तसाच एक फ्रिज. आत पाऊल टाकताच काचबाईंना लसणीचा बारीकसा वास आला.

"इथे जेवता की काय तुम्ही?"

धाकटी ओशाळून हसली. डोळे सुजलेले होते. "नाही हो मॅडम. सतरा पाण्यात विरघळत नाही, म्हणून ते एका द्रावकात विरघळवलेलं असतं. तो द्रावक मोठा खोडसाळ आहे. हातमोज्यातून जरासा जरी कातडीला लागला तरी रक्तात शिरतो आणि तासाभराने श्वासाला लसणीचा वास येतो. आमच्या तिघांच्याही श्वासाला येतो. सवय झालीये."

"तिघं कोण?"

"मी, पंडित आणि तात्या. आम्हीच हाताने काम करतो. सर मूळचे वॉर्डातले डॉक्टर. कागद बघतात, चुका काढतात, पण ओट्याला हात लावत नाहीत."

तिने फ्रिजच्या वरच्या कप्प्यातून एक पेटी काढली. आत तपकिरी काचेच्या, अंगठ्याएवढ्या बारा कुप्या होत्या. महिन्याच्या एक तारखेला तात्या त्या भरायचे. भुकटीची मूळ बाटली संचालकांच्या तिजोरीत, मोहोरबंद. म्हणजे महिनाभर सतरा असायचं ते एवढंच, या पेटीत.

"दुसरी कुपी वापरून बघितलीस?"

"पाच वापरून बघितल्या. सगळ्या तशाच." धाकटीचा आवाज चढला. "मॅडम, मी आकडे रचलेले नाहीत. माझ्या वह्या बघा. मी सरांना म्हटलं की कुप्यांची तपासणी करू या, तर म्हणाले, नाचता येईना म्हणून अंगणाला दोष देऊ नकोस."

"कुप्यांमध्ये काही वेगळं जाणवलं?"

"नाही." तिने विचार केला. "उलट काम सोपं झालं. पूर्वी कुपी पाच मिनिटं मुठीत धरून ऊब द्यावी लागायची, तेव्हा कुठे औषध पातळ व्हायचं. आता काढली की लगेच घेता येतं. फ्रिज बिघडला असेल म्हणून मी तात्यांना सांगितलं. त्यांनी मेकॅनिक आणला, तर तो म्हणाला फ्रिज उत्तम आहे."

काचबाईंनी फ्रिजच्या दारावरचा काटा पाहिला. चार अंश. मग वहीत एक ओळ लिहिली आणि तिच्याखाली दोन रेघा ओढल्या.

"तुझं वाईट व्हावं असं कुणाला वाटतं?"

धाकटीने दाराकडे पाहिलं. आवाज खाली आणला.

"पंडितला विचारा. माझं सतरा मेलंय आणि त्याचं जिवंत आहे. त्याच पेटीतलं."

३

पंडित पार्किन्सनवर काम करायचा. साधी वेळ विचारली तरी घड्याळाचा इतिहास सांगेल असा माणूस, म्हणून हे नाव. रुग्णांच्या कातडीच्या पेशी घेऊन त्यांच्यापासून तो बशीत मेंदूतल्या पेशी वाढवायचा.

"पार्किन्सनमध्ये काय होतं बघा," तो खुर्चीवरून उठूनच बोलू लागला, "पेशीत एका प्रथिनाच्या गुठळ्या साचतात. घरातला कचरा आठवडाभर उचलला नाही तर कसं होईल, तसं. पेशी गुदमरते. हळूहळू मरते. माणसाचा हात थरथरतो, चाल आखडते, पण हे सगळं नंतर. त्याच्या कितीतरी आधी बारीकसारीक गोष्टी जातात..."

"थोडक्यात सांगा."

"सतरा जास्त दिलं तर ल्युकेमियाच्या पेशी मरतात. अगदी थोडं दिलं तर मेंदूच्या पेशीतला कचरा उचलला जातो. बशीत! माणसात नाही. माणसाला द्यायला अजून बरीच वर्षं आहेत."

"तुमचे प्रयोग या तीन आठवड्यांत फसले नाहीत?"

"नाही." तो क्षणभर थांबला, आणि हा माणूस कधी थांबत नाही हे काचबाईंना एव्हाना कळलं होतं. "माझे आकडे उलट सुधारलेत."

"घरी कोण असतं?"

"आई. आणि अण्णा, म्हणजे वडील." त्याने नजर खाली घातली. "तुम्हाला कळेलच, म्हणून सांगतो. अण्णांना पार्किन्सन आहे. सहा वर्षं झाली. शर्टाची बटणं मी लावून देतो."

काचबाईंनी पेन खाली ठेवलं. घरात रोगी, हाताशी औषध, आणि बशीत ते चाललेलंही डोळ्यांनी पाहिलेलं. यापेक्षा वेगळं कारण कशाला हवं?

"तो कोपऱ्यातला फ्रिज मी पुन्हा बघू का?"

पंडितचा चेहरा उतरला. "बघा की."

काचबाईंनी एकेक कप्पा रिकामा केला. खालच्या कप्प्यात, मागच्या कोपऱ्यात, फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी हाताला लागलं. त्यांनी फडकं सोडलं.

तपकिरी काचेची कुपी. तेरावी.

४

"ही चोरी नाही!" पंडित घाम पुसत म्हणाला. "एक तारखेला तात्यांनीच मला वेगळी भरून दिली. विचारा त्यांना. पेटीतलं धाकटी भराभर संपवते, महिनाअखेरीला माझ्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून लपवून ठेवली. औषध पुरेसं मिळालं, म्हणून आकडेही सुधारले."

"आणि अण्णांना?"

"बाई, मी रोज बघतो हे औषध निरोगी पेशींचं काय करतं ते. प्रमाण थोडं चुकलं तर हाडांच्या मगजात रक्त बनायचंच थांबेल. माझ्या बापाला मी विष देईन?"

काचबाईंनी कुपी उघडली आणि काचेची बारीक नळी आत घातली. नळी 'टक्' करून थांबली. आतलं औषध दगडासारखं गोठलेलं होतं.

त्यांनी पेटीतली एक कुपी उघडली. नळी अलगद तळापर्यंत गेली. आत पाण्यासारखं पातळ, आणि नळीच्या टोकाला पांढुरका गाळ.

एकच फ्रिज. एकच औषध. एक तारखेला एकाच हाताने भरलेलं.

"तात्यांना बोलवा," त्या म्हणाल्या.

तात्या इथले सर्वांत जुने तंत्रज्ञ. किल्ल्या त्यांच्या कमरेला. केस पांढरे, इस्त्रीचा कोट, बोलणं मोजकं. तेरावी कुपी आपणच भरली हे त्यांनी लगेच कबूल केलं.

"पेटी कधी खोलीबाहेर गेली होती?"

"नाही बाई."

"कधीच?"

"कधीच नाही."

काचबाईंनी मेकॅनिकची पावती पुढे सरकवली. ती फ्रिजच्या बाजूलाच चिकटवलेली होती. "मागच्या शुक्रवारी, दुपारी साडेतीनला मेकॅनिक आला. कोणत्या कप्प्यात काय होतं ते त्याने लिहिलंय, बिचारा काटेकोर दिसतो. 'वरचा कप्पा रिकामा.' पेटी वरच्या कप्प्यात असते ना, तात्या?"

तात्यांनी पावतीकडे पाहिलं. किल्ल्यांचा जुडगा उगाचच चाचपला.

"शुक्रवारी दुपारी सगळे कुठे असतात?"

"चर्चासत्रात. तीन ते पाच. ही मुलगी, पंडित, सगळे."

"तुम्ही?"

"मी इथेच."

"म्हणजे पेटी तुम्हीच काढलीत."

तात्यांनी जुडगा कमरेचा सोडून ओट्यावर ठेवला. मग तात्या म्हणाले, "मी एक थेंबही घेतला नाही. माझ्या नातवंडांची शपथ. पण याच्यापुढे मला काही विचारू नका. मला नोकरीवरून काढा, चालेल."

काचबाईंनी पुष्कळ माणसांना खोटं बोलताना पाहिलं होतं. पण हा माणूस स्वतःला वाचवत नव्हता.

५

बुधवारी दुपारी मोठ्या सरांनी काचबाईंना आपल्या खोलीत बोलावून घेतलं. सर उंच, देखणे. चेहऱ्यावरची माशी हलत नव्हती. चिडलेत की खूश आहेत, काही पत्ता लागेना.

"झाली का हौस?" सर म्हणाले. "उगाच त्या मुलीच्या आशा वाढवताय."

खोलीत लसणीचा वास दाटून होता. प्रयोगशाळेत होता त्याच्या दुप्पट. काचबाईंनी खिडकीकडे पाहिलं, ती उघडी होती. आत्ताच कुणीतरी इथून उठून गेलं असेल, पंडित किंवा तात्या, असं त्यांच्या मनात आलं.

"सकाळपासून कोण आलं होतं सर?"

"कुणी नाही. मी एकटाच वाचत बसलोय. कॉफी घ्याल?"

त्यांनी कोपऱ्यातल्या शेगडीवर दुधाचं भांडं ठेवलं आणि परत येऊन बसले. पार्किन्सनचं काम कसं वाढवायला हवं, ल्युकेमियावर कसा वेळ फुकट चाललाय, हे ते सांगू लागले. डावा हात त्यांनी कोटाच्या खिशातच ठेवला होता. काचबाई ऐकत होत्या. मग दूध उतू गेलं, शेगडीवर सांडलं आणि जळालं. करपल्याचा वास नाकात झोंबू लागला.

सर बोलतच होते. त्यांची शेगडीकडे पाठ होती.

काचबाई जागच्या हलल्या नाहीत. मिनिट गेलं, दुसरं गेलं. खोलीत धूर दिसू लागला तेव्हा सर दचकून उठले आणि उजव्या हाताने भांडं उचललं. बाही मागे सरकली. मनगटाच्या वर निळेजांभळे डाग होते. तीन, चार. कुठेही न आपटता उठतात तसले.

"सर, कसला वास येत होता?"

"कधी?"

"आत्ता. आणि मी आत आले तेव्हा."

सरांनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. मग बाही खाली ओढली.

"मला जरा काम आहे," ते म्हणाले. "उद्या समितीपुढे बोलू."

६

गुरुवारी संचालकांच्या खोलीत समितीचे लोक यायच्या आधी काचबाईंनी चौघांना बसवलं. सर, पंडित, तात्या आणि धाकटी. टेबलावर दोन कुप्या होत्या, पत्र होतं, आणि बाजूला त्यांचा जुना सूक्ष्मदर्शक.

"या मुलीने काही रचलेलं नाही," त्यांनी सुरुवात केली. "हा द्रावक खोलीच्या गारव्यातसुद्धा गोठू लागतो, फ्रिजमध्ये तर दगडच होतो. तेरावी कुपी दगड आहे, म्हणजे फ्रिज ठीक आहे. मग पेटीतल्या बारा कुप्या पातळ का? कारण त्यांत पाणी मिसळलंय. पाणी मिसळलं की हा द्रावक फ्रिजमध्ये गोठत नाही आणि सतरा गाळ होऊन तळाशी बसतं. पेशींपर्यंत पोचतच नाही."

"धाकटीने स्वतःच मिसळलं नसेल कशावरून?" संचालकांनी विचारलं.

"आपल्याच प्रयोगाच्या मुळावर कशाला उठेल? आणि मिसळायचंच असतं तर पाणी कशाला? ओट्यावर द्रावकाची भरलेली बाटली उघडी असते. या तिघांपैकी कुणीही औषध काढून घेतलं असतं तर वरून द्रावकच ओतला असता. कुपी पुन्हा दगड झाली असती आणि तुम्हा-आम्हाला जन्मात कळलं नसतं. पाणी घातलं ते अशा माणसाने, ज्याने ही कुपी कधी हातात धरून वितळवलेली नाही."

काचबाईंनी दोन्ही कुप्या शेजारी शेजारी ठेवल्या. 

"नासधूस करायची असती तर औषध मोरीत ओतून दिलं असतं. इथे दर शुक्रवारी थोडं काढलं जात होतं आणि तेवढीच भर घातली जात होती. म्हणजे कुणीतरी ते घेत होतं. पोटात. आणि जो पोटात घेईल त्याच्या श्वासाला लसणीचा वास ओट्यावर काम करणाऱ्यापेक्षा जास्त येणार. तसा वास मला एकाच खोलीत आला. त्या खोलीतल्या माणसाला मात्र तो येत नव्हता. करपलेल्या दुधाचाही नाही. पंडित, हात थरथरायच्या आधी बारीकसारीक गोष्टी जातात म्हणालात. त्यांतली पहिली कोणती?"

पंडितने वर पाहिलं. मग तो म्हणाला, "वास. बऱ्याचदा सगळ्यात आधी वास जातो." आणि थोड्या वेळाने, "अक्षर बारीक होत जातं. चेहऱ्यावरचे भाव जातात." त्याने सरांकडे पाहिलं, आणि घरी रोज जे दिसतं ते आपल्याला इथे दिसलं नाही, हे त्याला तेव्हा कळलं.

काचबाईंनी पत्र उघडून संचालकांपुढे ठेवलं. मोठ्या अक्षरात सुरू होऊन मुंगीएवढ्या संपणाऱ्या ओळी.

"कथा चांगली आहे," सर थंडपणे म्हणाले. "पुरावा?"

"पुरावा तुमच्या अंगात आहे. एक थेंब रक्त द्या. मी खोटी ठरले तर सगळ्यांसमोर माफी मागेन." मग त्यांचा सूर बदलला. "सर, ते डाग मी पाहिलेत. तुम्ही डॉक्टर आहात. ते कशाचे आहेत हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. हट्ट कराल तर जिवाशी गाठ आहे."

सर हलले नाहीत. मग तात्याच उठले. त्यांनी सरांचा हात खिशातून अलगद बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला. हात थरथरत होता.

"पुरे झालं सर," तात्या म्हणाले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "कुप्या तपासायच्या आहेत म्हणून माझ्याकडून पेटी मागवायचात. पहिल्या शुक्रवारी मी मानलं. नंतर मला कळलं होतं. मी तेव्हाच बोलायला हवं होतं."

काचबाईंनी सरांच्या बोटाला सुई टोचली, काचेवर थेंब पसरला, रंगवला. पाऊण तास कुणी जागचं उठलं नाही. समितीचे लोक बाहेर ताटकळत राहिले. काचबाईंनी भिंगातून पाहिलं. जिथे पांढऱ्या पेशींची गर्दी असायला हवी तिथे मैदान मोकळं होतं. अख्ख्या काचेवर मोजक्या चार-दोन. रक्त गोठवणाऱ्या बारीक चकत्या जवळजवळ नव्हत्याच.

"गाडी बोलवा," त्या म्हणाल्या. "समिती नंतर."

७

सर वाचले. तीन आठवडे त्यांना एका वेगळ्या खोलीत ठेवलं होतं, आत जाणाऱ्याला तोंडाला पट्टी बांधावी लागायची. काचबाई दर दोन दिवसांनी त्यांच्या रक्ताची काच स्वतः वाचायला जात. दहाव्या दिवशी पहिल्या कोवळ्या पांढऱ्या पेशी दिसल्या, तेव्हा त्यांनी ती काच पुन्हा पुन्हा पाहिली.

तिजोरीतल्या भुकटीतून नवीन कुप्या भरल्या गेल्या. त्या तात्यांनी भरल्या नाहीत. त्यांनी राजीनामा दिला होता आणि संचालकांनी तो परत केला नव्हता. धाकटीच्या पेशी सोमवारी ठरल्याप्रमाणे मेल्या. सरांचं पत्र समितीने रद्द केलं आणि सरांनी पद सोडलं.

एवढ्यावर हे संपलं असतं. पण सरांना घरी सोडायच्या आदल्या दिवशी धाकटी हॉस्पिटलात आली. काचबाई दारातच होत्या.

"जाऊ का आत?"

"भांडायला?"

"नाही. एकच विचारायचंय."

ती पलंगापाशी उभी राहिली. सर बारीक झाले होते. डावा हात पांघरुणावर सतत हलत होता, आता तो लपवायचं काही कारण उरलं नव्हतं.

"औषध घेतलंत ते मला समजतं सर," धाकटी म्हणाली. "भीती वाटली असेल. पण पेशी का मरत नाहीत ते तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तरी त्या पत्रात माझं नाव लिहिलंत. लिहिताना हात थरथरला नाही?"

सरांनी आपल्या हाताकडे पाहिलं.

"नाही," ते म्हणाले. "त्या आठवड्यात हात थांबला होता."

 मग सर घाईघाईने उठून बसले. "खरंच थांबला होता. पूर्ण चार दिवस. मी तारखा सांगतो, प्रमाण सांगतो. तू लिहून घे. तुम्हा लोकांच्या कामाला येईल."

धाकटीने पर्समधून वही काढली नाही. "एक माणूस, तोही आशेने झपाटलेला. याला पुरावा म्हणत नाहीत सर. हे तुम्हीच शिकवलंत."

ती बाहेर आली आणि जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली. काचबाई गुडघे सांभाळत तिच्या शेजारी टेकल्या.

"मॅडम, खरं असेल का हो ते? चार दिवस थांबला असेल?"

"मी फक्त रक्त वाचते ग. हात वाचता येत नाही मला."

धाकटी दोन्ही हातांत तोंड लपवून बसली. जिन्यावरून माणसं चढत-उतरत होती. शेवटी तिने डोळे पुसले, वही काढली, उठली आणि आत जाऊन पलंगाशेजारची खुर्ची ओढली.

"तारखेपासून सांगा," ती म्हणाली. "आणि हळू सांगा. माझ्या अक्षरात लिहायचंय."